अंतरपाटावरचा उजेड

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर आई-वडिलांच्या पाया पडून झाल्यावर मी गिरिजाअक्कांचं नाव घेईन. त्या माझ्या नात्यातल्या नव्हत्या, गावच्याही नव्हत्या. बेंगळूरच्या जुन्या पेटेत, म्हणजे पेठेत, एका अरुंद गल्लीत त्यांच्या भावाचा फोटो स्टुडिओ होता, आणि स्टुडिओच्या मागच्या कोठीत, लाल दिव्याखाली, त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं निगेटिव्ह धुण्यात आणि कागदावर फोटो उठवण्यात घालवली. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंतचं, तेही कानडी शाळेत. मी बी.एस्सी. आहे, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. तरी कॅमेरा उजेडाचं काय करतो हे मला त्या बाईंनी शिकवलं, आणि ते शिकताना त्यांच्या घरातला एक परत न येणारा क्षण माझ्या हातून गेला. ती हकीकत या प्रकरणात सांगायची आहे.

सर्जापूर रोडवरच्या माझ्या आताच्या घरात, दिवाणखान्याच्या भिंतीवर आईचा एकच फोटो आहे. काळा-पांढरा, पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा. आई उंबऱ्यावर बसली आहे आणि तिने उजवा हात पुढे धरला आहे, तळहात वर करून. येणारे-जाणारे विचारतात, आजी काय मागतायत? मी सांगतो, काही मागत नाही ती, उजेड दाखवते आहे. ऐकणाऱ्याला वाटतं मी काहीतरी आध्यात्मिक बोलतो आहे. तसं काही नाही. ते का, हे पुढे येईल.

मी जतचा. वडिलांचं एस.टी. स्टँडजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. शाळा मराठी, कॉलेज सांगलीला, आणि तिथे सगळं इंग्रजीत. मी पाठांतरावर तरून गेलो, पण शेवटच्या वर्षी एका पेपरात बुडालो. तो पेपर प्रकाशशास्त्राचा होता. वडिलांच्या दुकानी सायकल घेऊन येणारे एक मास्तर होते. अक्का त्यांची मावसबहीण. ‘पोरगा घरात बसून खराब होईल, बेंगळूरला पाठवा, स्टुडिओत काम आहे,’ असं त्यांनी वडिलांना सांगितलं आणि मी एका पत्र्याच्या पेटीसह पेटेतल्या त्या गल्लीत दाखल झालो. स्टुडिओ ज्यांचा, ते अक्कांचे धाकटे भाऊ. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची. त्यांनी मास्तरांची चिठ्ठी वाचली, माझ्याकडे नीट बघितलं आणि आत वळून ओरडले, “अक्का, बेळकानं पाडलेला पोरगा बेळकाकडंच आलाय बघ.” बेळकु म्हणजे कानडीत उजेड, हे मला संध्याकाळी कळलं. तोवर मला वाटत होतं बेळकु नावाचा कोणी परीक्षक असावा.

हे घर तीनशे वर्षांपूर्वी कधीतरी दक्षिणेत येऊन राहिलेल्या मराठी माणसांचं. त्यांची मराठी माझ्या कानाला पहिले काही दिवस पाण्याखालून ऐकल्यासारखी वाटे. आमटीला ते हुळी म्हणत, घागरीला बिंदिगे, बरं म्हणायचं असलं की सरी, आणि कुठलीही गोष्ट थोडी हवी असली की स्वल्प. अक्कांची मुलगी रेणुका माझ्याच वयाची होती. मी पहिल्या दिवशी ‘थोडी आमटी’ म्हणालो तेव्हा ती हातातला डाव तसाच धरून म्हणाली, “अम्मा, ह्याची मराठी पुस्तकातली काय गं?” अक्का म्हणाल्या, “गप बस. स्वल्प हुळी घाल त्याला.” अक्कांचे यजमान पोस्टात पत्रं निवडायला होते. त्यांना सगळे राव म्हणत, आणि ते इतके कमी बोलत की त्यांचं एखादं वाक्य घरात आठवडाभर पुरे. पहाटे नळ यायचा. आधी नळातून नुसती हवा सुसू करत निघे, मग दोन-तीन उचक्या, मग धार. एका बिंदिग्याखालून दुसरं सरकवल्याचा पितळी आवाज, मागच्या गल्लीत मल्लिगेवाल्या, म्हणजे मोगरा विकणाऱ्या बाईची हाक, अण्णांचं खाकरणं, आणि फोडणीतल्या कढीपत्त्याचा तडतडाट. सकाळी बहुतेक चित्रान्न म्हणजे फोडणीचा लिंबूभात, दुपारी भात आणि हुळी, संध्याकाळी नाचणीची भाकरी. आज आमच्या इमारतीत नळ चोवीस तास वाहतो, म्हणजे टँकरवाला वेळेवर आला तर. पण पहाटे जाग आली की मी अजून तो आवाज ऐकण्यासाठी क्षणभर थांबतो.

कोठीत मला न्यायला अक्कांनी आठ-दहा दिवस लावले. एका दुपारी, उन्हं समोरच्या घरांवर असताना, त्या म्हणाल्या, “दत्तू, तू कॉलेजात बेळकु शिकलास नव्हे? काय शिकलास सांग.” मी सांगितलं, प्रकाश सरळ रेषेत जातो. इंग्रजीतही सांगितलं. “बघितलास काय?” मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी दार लावलं, लाल दिवाही घालवला. कोठीची रस्त्याकडची खिडकी पुठ्ठ्यानं बंद केलेली होती आणि पुठ्ठ्यात खिळ्याएवढं एक भोक होतं, त्यावर चिकटपट्टी. त्यांनी पट्टी काढली. डोळे सरावायला थोडा वेळ गेला, आणि मग समोरच्या चुन्याच्या भिंतीवर मला आमची गल्ली दिसली, अख्खी, रंगांसकट, आणि उलटी. मल्लिगेवाली बाई टोपलीसकट छताला लोंबत होती. एक सायकलवाला डोकं खाली, चाकं वर करून भिंतीवरून सरकत गेला. मी आठवीपासून ते वाक्य लिहीत आलो होतो. वरचा उजेड सरळ जायचा तर भोकातून तो खालीच जाणार आणि खालचा वरच, ही एवढी गोष्ट मला त्या दिवशी समजली. अक्कांनी खिळ्यानं भोक थोडं मोठं केलं. गल्ली उजळली, पण सायकलवाल्यांचे चेहरे पुसट झाले. “भोक लहान तर चित्र रेखीव, पण अंधुक. मोठं तर लख्ख, पण सगळं कालवलेलं. आता हे बघ.” त्यांनी अण्णांचा वाचायचा जुना चष्मा भोकाला लावला आणि हातभर अंतरावर एक पांढरा कागद धरून मागेपुढे केला. एका जागी गल्ली कागदावर आली, लख्ख आणि रेखीव. मल्लिगेवालीच्या हातातला दोरासुद्धा दिसला. “हे एवढंच आहे कॅमेऱ्यात,” अक्का म्हणाल्या. “अंधारी खोली, भोक, चष्मा. आणि भिंतीच्या जागी फिल्म. फिल्मला चांदीचं मीठ लावलेलं असतंय. जिथं बेळकु लागतो तिथं ते काळं पडतंय.”

पुढचं त्यांनी नळावर शिकवलं. भोक म्हणजे नळ, किती सोडायचा तो. झडप म्हणजे किती वेळ सोडायचा ते. बिंदिगे भरलं पाहिजे, पण सांडायचं नाही. नळ जोरात असेल तर पटकन सरकव, बारीक असेल तर थांब. कॅमेऱ्याच्या भोकाचे जे ठरलेले टप्पे असतात त्यांना त्या घर म्हणत. एक घर उघडलं की उजेड दुप्पट, एक घर मिटलं की अर्धा. निगेटिव्ह मोठी करून दाखवणाऱ्या एन्लार्जरखाली कागदाला किती वेळ उजेड द्यायचा ते त्या कानडीत मोजत, ओंदु, एरडु, मूरु, आणि मला मराठीत मोजू देत नसत. मराठीत मोजलेले फोटो फिके येतात, असं त्यांचं म्हणणं. खरंच येत. माझं एक-दोन-तीन सेकंदाच्या आधी संपे.

भांडण झालं ते एका सुईवरून. अण्णांच्या कॅमेऱ्यात उजेड मोजणारी एक सुई होती. समोरच्या दृश्याकडे कॅमेरा धरला की ती हले. भोक आणि झडप जुळवून ती मधोमध आणली की उजेड बरोबर, असं माहितीपत्रकात लिहिलेलं. मला ती सुई फार आवडली. अक्कांचा तिच्यावर विश्वास नव्हता. त्या म्हणायच्या, “सुई आंधळी आहे. तिला सगळं जग करडं वाटतंय. कोळसा दाखव, तो करडा होईस्तवर उघड म्हणेल. पांढरा कुत्रा दाखव, तो करडा होईस्तवर मिटव म्हणेल.” त्यांचा उपाय असा, की ज्याचा फोटो काढायचा त्याच्या चेहऱ्याजवळ, त्याच उजेडात, आपला तळहात धरायचा, सुई तळहातावर बघायची आणि ती सांगेल त्यापेक्षा एक घर जास्त उघडायचं. “माणूस काळा असो, गोरा असो, तळहात सगळ्यांचे सारखेच.” मी मान हलवत असे. पण मनात म्हणे, ही सातवी शिकलेल्या बाईची रीत आहे. सकाळी उठून आधी तळहात बघायला मला आईनं शिकवलं होतं, आणि कॉलेजात गेल्यावर मी ते सोडलं होतं. तिथून इथवर येऊन पुन्हा तळहातच बघायचा, हे मला पटेना.

रेणुकाचं लग्न दावणगेरेच्या एका घरात ठरलं. तयारी सुरू झाली आणि एका जेवणात अडचण निघाली. लग्न लागताना अंतरपाट खाली येतो, वर-वधू एकमेकांना पहिल्यांदा बघतात, त्या क्षणी मुलीचा मामा तिच्या मागे उभा असतो. रेणुकाचा मामा एकच, अण्णा. आणि त्या घराच्या रिवाजाप्रमाणे मुलीची आई लग्न लागताना बघत नाही, मंगलाष्टकं चालू असताना ती तुळशीला पाणी घालत बसते. म्हणजे स्टुडिओतला फोटो काढणारा नवरीच्या मागे आणि फोटो धुणारी तुळशीपुढे.

“दुसरा मामा बघा. मी काढतो फोटो,” अण्णा म्हणाले.

“दुसरा मामा कुठनं आणू? वरनं आपली अम्मा पाठवणार काय?”

“मग बाहेरचा फोटोग्राफर बोलवू.”

“बाहेरचा कशाला. दत्तू आहे की.”

अण्णांनी घास थांबवून माझ्याकडे बघितलं. “हा? हा बेळकात नापास आहे अक्का. मार्कशीट आहे त्याच्याकडं.”

“मी तर बघणारच नाही अण्णा,” अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. “वीस वर्षं लोकांच्या मुली मी अंतरपाटापुढं बघितल्या, लाल दिव्यात. माझी तेवढी बघायची नाही म्हणतात, सरी, नाही बघत. ह्यानं काढलेलं तेवढंच मला दिसणार. म्हणून कोणी काढायचं ते मीच ठरवणार.”

रेणुका म्हणाली, “माझं नाक मोठं येऊ देऊ नकोस म्हणजे झालं.” आणि विषय संपला.

बाकीचे फोटो रंगीत आणि फ्लॅशचे, ते बाहेरच्या लॅबमध्ये धुऊन येणार. पण अंतरपाटाचा फोटो अक्कांना स्वतःच्या हातानं कोठीत उठवायचा होता, म्हणून त्या एकासाठी अण्णांचा सुईवाला कॅमेरा, काळा-पांढरा रोल, आणि फ्लॅश नाही. फ्लॅशनं माणसाचा चेहरा चुन्याची भिंत होतो, असं त्या म्हणत. कार्यालयाला पूर्वेकडे उंच खिडक्यांची रांग होती आणि मुहूर्त सकाळचा. तुळशीकडे जाण्याआधी त्या माझ्यापाशी आल्या. नवी इरकल, हातात तांब्या. “रेणूच्या तोंडाजवळ हात धर, सुई बघ, एक घर उघड. मग परत सुईकडं बघू नको.”

मी तसं केलं. रेणुका पाटावर उभी राहिली तेव्हा तिच्या गालाजवळ मी तळहात धरला. नवऱ्याकडचा कोणीतरी म्हणाला, “हा फोटो काढतो की हात बघतो?” आणि लोक हसले. मी आकडा लावला आणि नवऱ्याच्या मागे ठेवलेल्या स्टुलावर चढलो, त्याच्या खांद्यावरून रेणुकाचा चेहरा मिळावा म्हणून. अंतरपाट धरला गेला. पांढरं स्वच्छ कापड, मधे कुंकवाचं स्वस्तिक, आणि खिडकीतून तिरपं ऊन थेट त्या कापडावर. माझ्या डोळ्यापुढची चौकट त्या पांढऱ्यानं भरून गेली. मंगलाष्टकं सुरू झाली. आणि मी सुईकडे बघितलं. ती वर चढून टोकाला टेकली होती. मला वाटलं, ऊन वाढलं, फोटो जळणार. हात धरला तेव्हा मी लोकांच्या हसण्यानं गडबडलो असणार. मी शास्त्र शिकलेला माणूस आहे, यंत्र खोटं कसं बोलेल? मी एक घर मिटवलं, दुसरं मिटवलं, तिसरं, पुढचं, आणि सुई मधोमध आली तेव्हा मला हायसं वाटलं. ‘सावधान’ हा शब्द मी आयुष्यात इतक्या सावधपणे कधी ऐकला नव्हता. कापड खाली आलं, अक्षता उडाल्या, मी बटण दाबलं, आणि वालग म्हणजे तिथली वाजंत्री एकदम कडाडली. मागच्या अंगणात अक्कांना ते ऐकूनच कळलं असणार.

“कसा आला?” त्यांनी पदराला हात पुसत विचारलं.

“चांगला आला, अक्का.”

“चेहरा?”

“आला.”

मी खोटं बोललो नव्हतो. मला तसंच वाटत होतं.

रेणुका दावणगेरेला गेल्यावर तिसऱ्या दिवशी अक्कांनी तो रोल धुतला. ओली पट्टी त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली आणि खूप वेळ बघत राहिल्या. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. जिथून उजेड आला तिथे काळं, जिथून आला नाही तिथे काच. मी त्यांच्या खांद्यामागून बघितलं. कापडाच्या जागी करडी छटा अगदी नेटकी होती, आणि त्याच्या वर, रेणुकाचा चेहरा असायला हवा तिथे, खिडकीपलीकडची भिंत आरपार दिसत होती. दोन खिडक्यांमधल्या खांबाची सावली नेमकी तिच्यावर पडली होती. ऊन कापडाला होतं, तिला नव्हतं.

“दत्तू,” अक्का म्हणाल्या, “परत सुई बघितलीस काय?”

“बघितली.”

“सरी.” त्यांनी पट्टी दोरीला लावली आणि स्वयंपाकघरात गेल्या. त्या दुपारी हुळीत मीठ नव्हतं. सगळ्यांनी ती तशीच भातावर घेतली. उठताना राव म्हणाले, “छान झाली होती.”

मी ठरवलं, चेहरा काढायचाच. निगेटिव्ह विरळ असेल तर कडक जातीचा कागद वापरतात, त्यानं थोडक्यातला फरकही वाढून दिसतो. मी घरातलं सगळ्यांत कडक पाकीट फोडलं. सकाळी स्टुडिओचं काम, दुपारी कोठी. सातपर्यंत मोजलं की रेणुकाचा चेहरा राखेसारखा येई आणि अंतरपाट कोरा. पंचवीसपर्यंत मोजलं की अंतरपाटाचा धागा न् धागा येई, स्वस्तिकाचा ओघळलेला एक थेंबसुद्धा, हवेतल्या अक्षता एकेक मोजाव्यात अशा, आणि चेहऱ्याच्या जागी काळोख. मी हातानं सावली धरून बघितली, पुठ्ठा कापून बघितला, डेव्हलपरचं पाणी कोमट करून बघितलं. चार दिवस झाले. पाचव्या दिवशी अक्का दारात उभ्या राहिल्या. “जिथं बेळकु पोचलाच नाही तिथनं तू काय काढणार? बिंदिगे रिकामं आहे रे. उलटं कर, सुलटं कर.”

“अजून एक प्रकार बघतो, अक्का.”

“बघ,” म्हणाल्या, आणि गेल्या नाहीत. तिथेच बसून राहिल्या.

त्या शेवटच्या कागदावर, मी नेहमी कडेला म्हणून कापून टाकत असलेला भाग होता. रेणुकाच्या मागे, दुसऱ्या खिडकीच्या उन्हात, अण्णा. डेव्हलपरमध्ये आधी त्यांचा फेटा वर आला, मग मिशा, मग गाल. अण्णा रडत होते. तोंड वाकडं करून, लहान पोरासारखे, आणि दोन्ही गालांवरचं पाणी उन्हात चमकत होतं. अक्का ट्रेवर वाकल्या. त्यांनी अण्णांना हाक मारली. अण्णा आले, बघितलं, आणि म्हणाले, “पंखा बंद होता तिथं. घाम आहे तो.”

“आमचे अप्पा गेले तेव्हासुद्धा हा रडला नव्हता,” अक्का मला म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी हसल्या. मग हसणं थांबलं. त्यांनी रेणुकाच्या जागेवरच्या त्या काळोखावर ओल्या कागदातच बोट ठेवलं. “ही मात्र आली नाही.”

त्यांनी तो फोटो चौकटीत घातला नाही, फाडलाही नाही. मला अजून वाटतं, त्यांनी रागावायला हवं होतं. त्यांनी मला एक वही दिली. “का झालं ते लिही. मराठीत लिही. मला कळेल असं.” मी दोन पानं लिहून नेली. “हे पुस्तकातलं आहे. तू काय केलंस ते लिही.” पुन्हा लिहिली. “अजून पुस्तकातलंच आहे.” तिसऱ्या खेपेला मी स्टूल, लोकांचं हसू, खांबाची सावली, टेकलेली सुई, मिटवलेली घरं, सगळं क्रमानं लिहिलं. लिहिता लिहिता मला माझा बुडालेला पेपर समजत गेला. मी आठवीनंतर प्रकाशाबद्दल मराठीत काही विचारच केला नव्हता. अण्णांनी ती चार पानं जेवताना मोठ्यानं वाचली आणि म्हणाले, “आयतु, झालं काम. हा आता पास होतो.”

“पेपर परत कधी आहे?” अक्कांनी विचारलं.

मी म्हणालो, मला जायचं नाही, मला इथेच राहून काम करायचं आहे. त्या म्हणाल्या, “इथं राहून रोज मला पडलेलं तोंड दाखवू नकोस. जा, पेपर दे. मग ये.” निघताना अण्णांनी तोच कॅमेरा माझ्या पेटीत ठेवला, एक रोल घालून. काय काढू, मी विचारलं. अक्का म्हणाल्या, “ते तुझं तू बघ.”

पुढे मी परत आलो, स्टुडिओत राहिलो, मग रोल जाऊन डिजिटल कॅमेरे आले आणि मी मारतहळ्ळीच्या बाजूला एका कंपनीत लागलो. तिथे आम्ही फोनच्या कॅमेऱ्यांना उजेड मोजायला शिकवत असू. निवृत्त होण्याआधी पुण्याहून आलेली एक हुशार मुलगी माझ्या गटात होती. ती म्हणाली, “सर, फेस डिटेक्ट झाला की एक्स्पोजर तिथे लॉक होतं. सिंपल आहे.” मी विचारलं, चेहऱ्यासमोर पांढरं कापड असेल आणि ते एकदम खाली पडलं तर? ती हसली. “सर, किती रेअर केस आहे ही.” मी म्हटलं, आमच्याकडे प्रत्येक लग्नात असते. ती खुर्ची ओढून बसली. आम्ही त्यावर बरेच महिने काम केलं.

अक्का आता नाहीत. स्टुडिओच्या जागी मोबाईलची कव्हरं विकतात. त्यांच्या माघारी रेणुकानं ट्रंक उघडली तेव्हा अण्णांच्या रडण्याचा तो फोटो निघाला, आणि त्याच्याखाली मी जतहून पाठवलेलं पत्र. ते तिनं मला आणून दिलं. शुद्धलेखन तेवढं सुधारून इथे उतरवतो.

तीर्थस्वरूप गिरिजाअक्का यांस,

दत्तूचा साष्टांग नमस्कार.

मी पास झालो. आधी तुम्हाला कळवतो आहे, मास्तरांना अजून सांगितलेलं नाही. पेपरात कॅमेऱ्याचं भोक आणि झडप यांचा संबंध विचारला होता. मी नळ आणि बिंदिगे लिहायला घेतलं, पण इंग्रजीत बिंदिग्याला काय म्हणतात ते आठवेना, म्हणून चित्र काढलं. नळाखाली बिंदिगे. परीक्षक काय समजायचं ते समजले असतील.

वडिलांनी दुकानात पेढे वाटले. गिऱ्हाईक विचारायचं कशाचे, तर म्हणायचे, उजेडाचे. त्यांना पेपराचं नाव तेवढंच लक्षात राहिलं.

सोबत डबीत रोल आहे. त्यात एकच फोटो काढला आहे. बाकीचा तसाच कोरा आहे, वाया गेल्याबद्दल अण्णांनी रागावू नये. फोटो माझ्या आईचा आहे. तिचा आजवर एकही नाही. आमच्या घरात फोटो निघे तेव्हा ती नेहमी चहा करायला आत असे. परवा सकाळी तिला उंबऱ्यावर बसवलं. ऊन अंगणात होतं, ती सावलीत. अंगणाची जमीन शेणानं सारवलेली आणि त्यावर पांढरी रांगोळी. सुई रांगोळीकडे ओढत होती. मी आईला म्हटलं, हात पुढे कर. माझा नाही, तिचाच तळहात बघितला, तिच्या तोंडाजवळ. एक घर उघडलं. मग सुईकडे बघितलं नाही. तिला हात खाली घे म्हणायचं मात्र विसरलो, त्यामुळे तो तसाच आला असेल. ती म्हणत होती, अजून किती वेळ धरू?

इकडे सांगलीला रोल धुऊन मिळतो, पण मी दिला नाही. त्यात काय आलं आहे ते मला माहीत नाही. लग्नाच्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा मी न बघता ‘आला’ म्हणालो होतो. आता म्हणत नाही. सोमवारच्या गाडीनं निघतो आहे. मी पोचायच्या आधी धुऊन ठेवा. या खेपेला आधी तुम्ही बघा.

आपला,
दत्तू